स्त्रियांची सवड आणि कर्करोगाला प्रतिबंध

(रुग्णालयाच्या वार्षिक महिला मेळाव्यात स्त्रीरोग व कर्करोग प्रतिबंध विभागाच्या वतीने केलेले भाषण)



प्रतिवर्षी या मेळाव्यात आमच्या विभागाने आरोग्याच्या एखाद्या विषयाची मांडणी करावी, अशी प्रथा आहे. यंदा विश्वस्त मंडळाने ‘स्त्रिया आणि कर्करोगाचा प्रतिबंध’ हा विषय सुचविला. विषय मोठा आहे आणि त्यावरील पत्रके, भित्तिचित्रे व व्याख्याने यांची वाण नाही. म्हणून लक्षणांची यादी वाचून दाखविण्याऐवजी आम्ही एका शब्दापासून प्रारंभ करतो. बाह्यरुग्ण विभागात हा शब्द आम्हांला दिवसातून अनेकदा ऐकू येतो. तो शब्द म्हणजे ‘सवड’. त्रास केव्हापासून आहे असे विचारले की उत्तर येते, ‘झाले की सात-आठ महिने.’ मग आधी का आला नाहीत? ‘सवडच झाली नाही.’ सासऱ्यांचे ऑपरेशन होते, मुलीची दहावी होती, सोयाबीनची काढणी चालू होती, नणंद बाळंतपणाला आली होती. या साऱ्या कारणांत स्वतःचे असे एकही कारण सहसा नसते.

ही केवळ सबब आहे असे ज्यांना वाटते, त्यांच्यासाठी एक आकडा सांगतो. देशातील माणसे आपला दिवस कसा घालवितात याची पाहणी केंद्र शासनाच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये केली आणि पुन्हा २०२४ मध्ये केली. घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्या बिनमोल कामावर २०१९ मध्ये दिवसाला सरासरी २९९ मिनिटे खर्च करीत होत्या आणि घरकामाला हात लावणारे पुरुष ९७ मिनिटे. २०२४ मध्ये हे आकडे अनुक्रमे २८९ आणि ८८ झाले. म्हणजे पाच वर्षांत दोघांचेही काम थोडे हलके झाले, मात्र दोघांमधील अंतर २०२ मिनिटांवरून २०१ मिनिटांवर आले. एका मिनिटाची ही प्रगती! मुलांची व वृद्धांची शुश्रूषा यात धरलेली नाही, तिचा हिशेब निराळा आहे. तेव्हा ‘सवड नाही’ असे सांगणारी स्त्री खोटे बोलत नसते, हे आम्ही आधीच मान्य करून टाकतो.

दुसरा आकडा याच्या शेजारी ठेवावा लागेल. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांना विचारण्यात आले की, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी आयुष्यात एकदा तरी केली आहे काय? ‘होय’ म्हणणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण १.९ टक्के भरले. हजारात एकोणीस. स्तनांची तपासणी करून घेतलेल्या हजारात नऊ आणि तोंडाची तपासणी करून घेतलेल्याही नऊच. केंद्र शासनाने २०१६ मध्येच ३० ते ६५ वयाच्या प्रत्येक स्त्रीची या तिन्ही कर्करोगांसाठी दर पाच वर्षांनी तपासणी व्हावी, असे धोरण आखले होते. धोरण आणि वस्तुस्थिती यांच्यामध्ये केवढी दरी आहे ते यावरून ध्यानात यावे. ही दरी एकट्या सवडीच्या अभावाने पडलेली नाही. लाज आहे, भीती आहे, बसभाडे आणि बुडणारी मजुरी आहे. आणि अनेकींना तर तपासणी नावाची काही गोष्ट असते हे कोणी सांगितलेलेच नाही.

आता रोगाकडे वळू. जागतिक कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात भारतात स्तनाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ९२ हजार आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख २७ हजार नवे रुग्ण आढळले. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने त्या वर्षी सुमारे ८० हजार स्त्रिया दगावल्या. आम्हांला या दुसऱ्या आकड्याचे दुःख अधिक होते, कारण हा कर्करोग बव्हंशी टाळता येण्याजोगा आहे. त्याचे कारण ठाऊक आहे. ह्यूमन पॅपिलोमा नावाचा विषाणू या रोगास कारणीभूत होतो हे दाखवून देणारे जर्मन शास्त्रज्ञ हॅराल्ड त्सूर हाउझेन यांना २००८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. हा विषाणू शरीरसंबंधातून येतो आणि तो इतका सर्वत्र आढळतो की बहुतेक विवाहित स्त्रीपुरुषांना केव्हा ना केव्हा त्याचा संसर्ग होऊन जातो. तेव्हा तो आढळला म्हणून कोणाच्या चारित्र्याचा पंचनामा करण्याचे कारण नाही. बहुतेक स्त्रियांच्या शरीरातून तो एक-दोन वर्षांत आपोआप नाहीसा होतो. थोड्या स्त्रियांमध्ये तो ठाण मांडून बसतो, गर्भाशयाच्या मुखावरील पेशींत हळूहळू बदल घडवितो, आणि या बदलांचे कर्करोगात रूपांतर होण्यास साधारणतः दहा-पंधरा वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ जातो. शत्रू इतका सावकाश येतो, हे आपले भाग्यच म्हणावयाचे. या दहा-पंधरा वर्षांत एकदा-दोनदा तपासणी झाली तरी तो वाटेतच पकडता येतो.

ही तपासणी म्हणजे नेमके काय, याविषयी गैरसमज फार आहेत. म्हणून जरा विस्ताराने सांगतो. सर्वांत साध्या पद्धतीत परिचारिका गर्भाशयाच्या मुखाला पातळ केलेले अॅसेटिक आम्ल लावते. आपल्या ओळखीचा शिरका म्हणजे याच आम्लाचे सौम्य द्रावण. मिनिटभर थांबून पाहिले असता बदललेल्या पेशींची जागा पांढरी दिसू लागते. भूल नाही, टाके नाहीत, रक्तस्राव नाही. टेबलावर निजण्यापासून उठण्यापर्यंत पाच-सात मिनिटे पुरतात. दुसरी पद्धत पॅप तपासणीची. तीत पेशींचा नमुना काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. तिसरी पद्धत त्या विषाणूचाच शोध घेणारी, म्हणजे एचपीव्ही तपासणी. तिचा एक मोठा फायदा असा की, तिच्यासाठी लागणारा नमुना स्त्रीला आडोशाला जाऊन स्वतःच्या हातानेही घेता येतो. लाजेमुळे मागे राहणाऱ्या भगिनींनी हे अवश्य लक्षात ठेवावे. शिरक्याची तपासणी पाळी गेलेल्या स्त्रियांना तितकीशी उपयोगी पडत नाही, कारण जी जागा पाहावयाची ती वयानुसार आत सरकलेली असते. त्यांच्यासाठी अन्य पद्धती आहेत. पेशींतील बदल आढळलाच, तर बहुधा त्याच दिवशी अथवा पुढच्या खेपेस उष्णतेने किंवा अतिशीत उपचाराने तेवढी जागा नष्ट करता येते आणि स्त्री चालत घरी जाते.

याचा पुरावा परदेशातून आणावयास नको. तो आपल्याच मराठवाड्याच्या मातीत तयार झाला आहे. बार्शी येथे १९८७ मध्ये देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. पुढे १९९९ पासून तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातील ५२ ग्रामसमूहांमध्ये ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांहून अधिक निरोगी स्त्रियांना घेऊन एक विशाल अभ्यास झाला. टाटा स्मारक रुग्णालय, बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आणि जागतिक कर्करोग संशोधन संस्था यांनी तो केला. ग्रामसमूहांचे चार गट पाडून तिघांत वर सांगितलेली एकेक पद्धत वापरली आणि चौथ्या गटात नेहमीचीच आरोग्यसेवा ठेवली. आठ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर, २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दिसले की, चौथ्या गटात या कर्करोगाने ६४ स्त्रिया मृत्यू पावल्या होत्या आणि जवळपास तेवढ्याच मोठ्या असलेल्या एचपीव्ही तपासणीच्या गटात ३४. आयुष्यात एकदा, केवळ एकदा केलेल्या तपासणीने मृत्यूंचे प्रमाण निम्म्याच्या जवळपास आणले. त्या अभ्यासात शिरक्याच्या एका फेरीने मृत्यूंत लक्षणीय घट दिसली नव्हती. तथापि मुंबईच्या झोपडपट्ट्यांत १९९८ पासून प्रशिक्षित आरोग्य सेविकांनी दर दोन वर्षांनी अशा चार फेऱ्या केल्या, तेव्हा मृत्यू ३१ टक्क्यांनी घटल्याचे २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. सारांश, यंत्र साधे असले तर तपासणी पुन्हा पुन्हा करावी लागते. यंत्र चांगले असले तर कमी वेळा केली तरी चालते. ज्यांना सवड नाही त्यांच्या दृष्टीने ही दुसरी गोष्ट मोलाची आहे.

येथे एक कटू विषय टाळता येत नाही. कर्करोगाची भीती जितकी उपयोगी, तितकीच ती घातकही ठरू शकते. बीड जिल्ह्यात ऊसतोडीला जाणाऱ्या स्त्रियांच्या गर्भपिशव्या मोठ्या संख्येने काढण्यात आल्याचे २०१९ मध्ये उघडकीस आले आणि राज्य शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. पांढरे पाणी जाते, पोट दुखते म्हणून गेलेल्या विशी-तिशीतील स्त्रीला ‘पिशवी काढा, नाहीतर कॅन्सर होईल’ असे कोणी सांगितले, की ती दागिने मोडून शस्त्रक्रिया करून घेते. तिच्या बाजूने पाहिले तर यात तिचा हिशेबही असतो. तोडीच्या हंगामात एक दिवस कामावर गेले नाही की मुकादम खाडा लावतो. मग दर महिन्याच्या पाळीची कटकट आणि मागे लागलेला कर्करोगाचा धाक, दोन्ही एकदमच संपलेले बरे, असे तिला वाटते. त्यासाठी आम्ही तिला दोष देणार नाही. पण स्पष्टपणे सांगतो की, पांढरे पाणी जाणे हे बहुतांशी साध्या संसर्गाचे लक्षण असते आणि ते औषधाने बरे होते. तपासणीशिवाय, केवळ भविष्यातील कर्करोगाच्या भयाने, तरुण वयात गर्भपिशवी काढण्याचा सल्ला कोणी दिला तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेतल्याविना होकार देऊ नये. याउलट शरीरसंबंधानंतर रक्त जाणे, दोन पाळ्यांच्या मधेच रक्तस्राव होणे, पाळी बंद झाल्यावर वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा अंगावर जाणे, पाण्याला दुर्गंधी व रक्ताची छटा असणे, ही लक्षणे एक दिवसही अंगावर काढण्याजोगी नाहीत.

स्तनाच्या कर्करोगाची गोष्ट थोडी निराळी आहे. त्याची दीर्घ, सावकाश अशी पूर्वावस्था आपल्याला साध्या डोळ्यांनी पकडता येत नाही. गाठ लवकर लक्षात येणे, एवढेच आपल्या हाती असते. आणि पंचाईत अशी की, ही गाठ बहुधा दुखत नाही. आपल्याकडे दुखणे हाच डॉक्टरांकडे जाण्याचा परवाना समजला जातो. दुखत नाही ना, मग पाहू दिवाळीनंतर! त्यामुळे दिवाळीनंतर पाडवा येतो आणि पाडव्यानंतर लग्नसराई. महिन्यातून एकदा ठरावीक रीतीने स्वतःची तपासणी करावी, असे पूर्वी आग्रहाने शिकविले जाई. चीनमधील शांघाय येथे अडीच लाखांहून अधिक गिरणी कामगार स्त्रियांवर झालेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या शिक्षणाने मृत्यू कमी झाल्याचे दिसले नाही. म्हणून आता आम्ही विधी म्हणून तपासणी करण्यावर भर देत नाही. आपल्या शरीराची ओळख ठेवा, एवढेच म्हणतो. न्हाताना, कपडे बदलताना नेहमीपेक्षा काही निराळे जाणवले, गाठ लागली, स्तनाग्र आत ओढले गेले, त्यातून रक्तमिश्रित स्राव आला, त्वचा संत्र्याच्या सालीसारखी दिसू लागली, काखेत गोळा आला, तर त्याच आठवड्यात दाखवावे. याखेरीज प्रशिक्षित सेविकेच्या हातून होणाऱ्या स्तनतपासणीचे महत्त्व मुंबईतील त्याच मोठ्या अभ्यासात दिसून आले. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वीस वर्षांच्या निष्कर्षांनुसार, पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांमध्ये या तपासणीने मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतील स्त्रियांमध्ये मृत्यूंच्या संख्येत तसा लाभ दिसला नाही, परंतु सर्वच वयांत रोग लवकरच्या अवस्थेत सापडू लागला.

तोंडाच्या कर्करोगाविषयी बोलताना पुरुषांच्या गुटख्याचा उद्धार सगळेच करतात. मिसरीचा मात्र कोणी करीत नाही, कारण ती आपल्या घरातली. तव्यावर तंबाखू भाजून तिची पूड करावयाची आणि ती दातांना व हिरड्यांना लावून बसावयाचे, ही सवय आपल्या खेड्यांत आईकडून मुलीकडे येते. पोट साफ होते, दात बळकट होतात, गरोदरपणी मळमळ थांबते, अशी तिची ख्याती. भाजली तरी ती तंबाखूच. तिच्यातील निकोटीन रक्तात जाते, तिचे व्यसन लागते आणि गर्भालाही ती अपायकारक आहे. तिच्याविषयी एक गोष्ट मात्र आम्ही या स्त्रियांकडूनच शिकलो. पहाटे उठून चुलीपुढे बसण्याआधी, किंवा दुपारी भांडी आवरल्यावर, बाई उंबऱ्यात मिसरी लावीत बसते तेव्हा तिला कोणी हाक मारीत नाही. तोंडात मिसरी आहे म्हटल्यावर कोणी तिच्याकडून उत्तराचीही अपेक्षा करीत नाही. दिवसातील तेवढीच दहा-वीस मिनिटे तिची स्वतःची असतात. मिसरी सोडा असे सांगताना आपण तिची ही विश्रांतीही काढून घेतो आणि म्हणून आपला उपदेश तिला रुचत नाही. आमची सूनबाईंना आणि लेकींना विनंती आहे की, सासूची वा आईची मिसरी सुटावी असे वाटत असेल, तर ती उंबऱ्यावरची मिनिटे तिला तशीच राहू द्या. डबी तेवढी जाऊ द्या. डबी हातात असो वा नसो, तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारी जखम, किंवा तोंड पूर्ण न उघडणे, यांपैकी काही दिसले तर दाखवून घ्यावे.

आता सवयींविषयी. व्यायामाचा विषय काढला की हमखास प्रश्न येतो, ‘आम्ही दिवसभर राबतो, आम्हांला वेगळा व्यायाम कशाला?’ प्रश्न रास्त आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल सांगितली, आणि तीत घरकाम व शेतकामही धरले आहे. डोक्यावरून पाणी आणणाऱ्या, खुरपणीला जाणाऱ्या स्त्रीला आम्ही पहाटे फिरावयास जा असे सांगणार नाही. तिला पोटभर अन्न आणि झोप हवी. परंतु तालुक्याच्या गावी सदनिकेत राहणारी, कार्यालयात आठ तास खुर्चीवर बसणारी, घरी येऊन उभ्याने स्वयंपाक करणारी स्त्री दमते पुष्कळ, तरी तिच्या शरीराला अशी हालचाल घडत नाही. पाळी गेल्यानंतर वाढलेले वजन स्तनाच्या आणि गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाची शक्यता वाढविते. तिने दिवसाकाठी वीस-बावीस मिनिटे भराभर चालावे. बाळाला अंगावर पाजण्यानेही स्तनाच्या कर्करोगापासून थोडेफार संरक्षण मिळते. आहाराच्या बाबतीत, सर्वांची जेवणे झाल्यावर उरलेसुरले खाण्याची रीत मोडली तरी निम्मे काम होईल. भाकरी, डाळ, पालेभाजी, हंगामातील फळ यांपलीकडे महागडे काही लागत नाही. आणि अमुक पानाच्या रसाने कर्करोग विरघळतो असे जे निरोप मोबाइलवर फिरतात, ते पुढे न पाठविणे हीही एक समाजसेवाच होय.

लेकींविषयी दोन शब्द. एचपीव्ही प्रतिबंधक लस ९ ते १४ या वयात, म्हणजे विषाणूशी गाठ पडण्यापूर्वी, सर्वांत चांगली लागू पडते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनविलेल्या स्वदेशी लशीला २०२२ मध्ये मान्यता मिळाली. तीन मात्रांची धास्ती घेणाऱ्या पालकांनी हे जाणावे की, भारतातच बार्शी, पुणे आदी केंद्रांवर झालेल्या एका अभ्यासात २०१० मध्ये लसीकरण मधेच थांबवावे लागले आणि हजारो मुलींना एकच मात्रा मिळाली. त्यांचा दहा वर्षे पाठपुरावा केल्यावर त्या एका मात्रेनेही मुख्य दोन प्रकारच्या विषाणूंच्या चिवट संसर्गापासून उत्तम संरक्षण दिल्याचे आढळले. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या वयोगटात एक मात्राही पुरेशी ठरू शकते, असा अभिप्राय दिला त्यात या मुलींचा वाटा मोठा आहे. लस घेतलेल्या मुलींनाही तिशीनंतर तपासणी करावीच लागेल, कारण लस विषाणूच्या सर्व प्रकारांना रोखत नाही.

सवडीकडे परत येताना आम्हांला पुरुषांशीही थोडे बोलावयाचे आहे. आज सभागृहाच्या मागच्या बाजूला बरेच बंधू उभे आहेत. बाईला तपासणीसाठी अर्धा दिवस मिळावयाचा, तर त्या अर्ध्या दिवसाची चूल, मूल आणि जनावरे कोणीतरी सांभाळली पाहिजेत. ‘जा की, मी कुठे अडवले आहे?’ एवढे म्हणून हे काम होत नाही. आमच्याकडूनही वेळ स्त्रियांच्या सोयीने ठेवलेली आहे. तपासणी दुपारी २ ते ५ या वेळात, आणि गावांतील शिबिरे आठवडी बाजाराच्या दिवशी होतात, कारण त्या दिवशी मजुरीला सुट्टी असते. परिचारिका स्त्रीच असेल. खर्चाच्या चिंतेने कोणी मागे राहू नये. धर्मादाय रुग्णालयांना निर्धन रुग्णांसाठी १० टक्के खाटा मोफत आणि दुर्बल घटकांसाठी १० टक्के खाटा सवलतीच्या दरात राखून ठेवण्याचे बंधन मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेने घातलेले आहे. कर्करोगावरील अनेक उपचार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतही होतात. येताना शिधापत्रिका, आधार कार्ड आणि असल्यास उत्पन्नाचा दाखला आणावा. बाकीची कागदपत्रे वैद्यकीय समाजसेवक जमवून देतील.

पाळीचे दिवस सोडून कोणत्याही दिवशी यावे. जमल्यास जावेला, शेजारणीला सोबत आणावे, म्हणजे एकटीला संकोच वाटत नाही आणि मुले आळीपाळीने सांभाळता येतात. सभागृहाबाहेरच्या व्हरांड्यात नावनोंदणीचे टेबल मांडले आहे. आशा कार्यकर्त्या तेथे बसल्या आहेत. चहा घेण्याआधी तेथे नाव आणि सोयीचा वार सांगून जावे, ही विनंती.